चांद्याचा परकोट व त्याच्या कथा

मोगल अमदानींतील शहरें म्हटलीं कीं डोळ्यांपुढें आग्रा येतें, दिल्ली येते, फत्तेपूर शिक्री येते. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, तेथील बिबीचा मकबरा आणि पाणचक्की यांची आठवण होते. या शहरांचीं वर्णनें पाठ्यपुस्तकांत असतात, त्यांचीं चित्रें दिवाणखान्यांत असतात. परंतु याच काळीं, वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांमधील घनदाट अरण्यांत, पांच मैलांहून अधिक लांबीचा घडीव दगडांचा तट भोंवतीं घेऊन एक राजनगरी उभी होती, हें फारच थोड्या सुशिक्षितांस ठाऊक असतें. ती नगरी म्हणजे गोंडराजांचें चांदा. इ. स. १९६४ मध्यें या शहरास चंद्रपूर हें नांव अधिकृतपणें मिळालें. परंतु जुन्या कागदपत्रांत आणि वृद्धांच्या तोंडीं तें चांदाच आहे.

शहराच्या पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट अशा दोन नद्या असून दक्षिणेस त्यांचा संगम होतो. या दोन पाण्यांच्या मधल्या भूमीवर पंधरा ते वीस फूट उंचीचा परकोट वळणें घेत गेला आहे. त्यास चार दिशांना चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा. यांखेरीज पांच लहान वाटा आहेत. त्यांस तेथील लोक खिडक्या म्हणतात. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशीं त्यांचीं नांवें आहेत. नांवांवरूनच त्यांच्या उपयोगाची कल्पना येते : एकीनें देवास जावें, एकीनें प्रेत न्यावें. दरवाजांवर गोंडराजांचें राजचिन्ह कोरलेलें आहे. हत्तीस नमविणारा सिंह, असें तें चिन्ह आहे. वाहनांच्या रांगा आजही जटपुरा दरवाजांतून जातात, आणि डोक्यावरील सिंहाकडे मान वर करून पाहण्यास कोणास सवड नसते.

हा तट कोणीं बांधला, या प्रश्नाचें उत्तर शिलालेखांत शोधूं गेल्यास फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. उत्तर मिळतें तें परंपरेंत. पंधराव्या शतकाच्या सुमारास बल्लारपूर येथें खांडक्या बल्लाळशहा नांवाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या अंगावर असाध्य गांठी व फोड उठले होते. वैद्य थकले, औषधें सरलीं. राणी मात्र थकली नाहीं. ती त्याची शुश्रूषा करीत राहिली. एके दिवशीं राजा शिकारीस निघाला असतां तहानेनें व्याकुळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्राशीं आला. तेथें एका भोंकांतून पाणी झिरपत होतें. तें तो प्याला, त्यानें हातपाय धुतले, आणि त्या रात्रीं कित्येक वर्षांत प्रथमच त्यास गाढ झोंप लागली. सकाळीं राणी पाहते, तों फोड नाहींसे झालेले! तिनें खोदून खोदून विचारलें, तेव्हां राजास त्या पाण्याची आठवण झाली. उभयतां तेथें गेलीं. वाळू आणि गवत दूर करतांच खडकांत गाईच्या खुरांचे पांच ठसे दिसले, आणि प्रत्येक ठशांत न आटणारें पाणी भरलेलें होतें. तेंच अंचलेश्वराचें तीर्थ. राजाच्या स्वप्नांत देव आला आणि तेथें देऊळ उभें राहिलें, अशी कथा आहे.

देवळाचें काम चालू असतां राजा तें पाहण्यास वरचेवर येत असे. एकदां परत जातांना त्यानें एक विलक्षण देखावा पाहिला. एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या पाठीस लागला होता, आणि कुत्रा जीव घेऊन पळत होता! कुत्र्यानें मोठें वर्तुळ घेतलें. ससा कधीं वळणें घेई, कधीं आडवा जाऊन अंतर तोडी. अखेर कुत्रा उलटला, झटापट झाली, आणि त्यानें सशास ठार केलें. राजानें जवळ जाऊन पाहिलें, तर सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. घरीं येऊन त्यानें हा प्रकार राणीस सांगितला. राणी म्हणाली कीं, हा शकुन शुभ आहे. ज्या वाटेनें ही धांव झाली त्याच वाटेनें तट बांधून नगर वसवावें. मात्र जेथें कुत्रा उलटला आणि ससा मेला, तें स्थळ पुढें नगरास घातक ठरेल. तेथें विशेष सावध राहावें.

या कथेकडे इतिहासाच्या अभ्यासकानें कसें पाहावें? कुत्र्याचा पाठलाग करणारा ससा केवळ चांद्याचा नाहीं. तुंगभद्रेच्या कांठीं विजयनगर वसलें, त्याचीही अशीच कथा सांगतात. साबरमतीच्या तीरीं अहमदशहानें अहमदाबाद वसविलें, तेथेंही हाच ससा आढळतो. दुबळ्यास बळ देणारी भूमि राजधानीस योग्य, असा त्या सर्व कथांचा आशय आहे. तेव्हां ही कथा अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. तटाचीं वळणें नद्यांच्या कांठामुळें आणि जमिनीच्या चढउतारामुळें पडलीं, असेंच कोणीही स्थापत्यविशारद सांगेल.

परंतु चांद्याच्या कथेंत तीन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यांकडे दुर्लक्ष करणें योग्य होणार नाहीं. पहिली ही कीं, शकुनाचा अर्थ येथें कोणी साधु अथवा मंत्री सांगत नाहीं, राणी सांगते. दुसरी ही कीं, येथें सशाची धांव केवळ जागा दाखवीत नाहीं, ती तटाची रेषाच आंखून देते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, ही कीं, येथें ससा अखेर मरतो. अन्य नगरांच्या कथा ‘ही भूमि अजिंक्य आहे’ एवढें सांगून थांबतात. चांद्याच्या लोकांनीं मात्र आपल्या नगराच्या जन्मकथेंतच त्याचें वैगुण्य जपून ठेविलें : तट भक्कम आहे, पण एक जागा कच्ची आहे. आपल्या राजधानीविषयीं इतकें प्रांजळ बोलणारी कथा दुर्मिळ म्हटली पाहिजे.

परकोटाचें काम एका राजाच्या हयातींत संपलें नाहीं. तें पिढ्यान् पिढ्या चाललें. खांडक्याचा पुत्र हीरशहा यानें तें पुढें नेलें, असें परंपरा सांगते. याच हीरशहाविषयीं आणखी एक गोष्ट सांगतात. रान तोडून जो गांव वसवील त्यास त्या गांवाचा अधिकार द्यावा, आणि जो तळें बांधील त्यास त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन द्यावी, असा त्याचा दंडक होता. आज चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गांवोगांवीं जुनीं तळीं आणि त्यांखालचीं धानाचीं शेतें दिसतात, तीं पाहिलीं म्हणजे या दंडकामागची दूरदृष्टि ध्यानांत येते.

मोगल दरबारास हें राज्य अपरिचित नव्हतें. अकबराच्या काळीं अबुल फझल यानें ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, तींत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत चांद्याच्या बाबाजी या गोंड अधिपतीचा उल्लेख आहे. त्याच्याजवळ एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचें तेथें नमूद केलें आहे. वैरागड येथील हिऱ्यांची खाण, तेथें विणलें जाणारें कापड आणि रानांतील हत्ती यांचीही नोंद आहे. दिल्लीच्या लेखकानें सैन्य मोजलें, हिरे मोजले, हत्ती मोजले. ससा आणि राणी त्याच्या दप्तरांत आलीं नाहींत. पुढें औरंगजेबाच्या काळीं, इ. स. १६६७ मध्यें, दिलेरखान मोठी फौज घेऊन आला आणि चांद्यावर जबर खंडणी बसवून गेला. तथापि राज्य राहिलें आणि नगरही राहिलें.

चांद्यांतील सर्वांत हृदयस्पर्शी वास्तु अंचलेश्वराच्या देवळाजवळ आहे. ती म्हणजे राजा बीरशहाची समाधि. बीरशहाची कन्या देवगडच्या गोंड राजघराण्यांत दिली होती. तेथें तिचा अपमान झाला, म्हणून बीरशहानें देवगडकरांवर स्वारी केली. लढाईंत त्याची बाजू पडूं लागली, तेव्हां त्यानें महाकालीचा धांवा केला. देवीच्या कृपेनें जय मिळाला, जांवयाचें शिर उडविलें गेलें आणि तें चांद्यास आणून देवीपुढें ठेविलें, अशी आख्यायिका आहे. त्याची खूण म्हणून महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेस तोंड केलेलें दगडी शिर बसविलें, असेंही सांगतात. लेकीच्या मानासाठीं जांवयाचा वध, ही गोष्ट ऐकतांना अंगावर कांटा येतो. मुलीचें वैधव्य हेंच त्या विजयाचें मोल होतें, आणि तें त्या मुलीनेंच दिलें.

बीरशहाचा अंत याहूनही विचित्र झाला. त्याच्या पहाऱ्यांत हिरामण नांवाचा एक रजपूत होता. त्याची तलवार मंतरलेली आहे, असा लोकांत बोलबाला होता. ती तलवार आणि तिचा प्रभाव दाखीव, असा आग्रह राजानें वारंवार धरला. हिरामण टाळीत राहिला. राजाच्या दुसऱ्या विवाहाच्या दिवशीं पुन्हां तोच आग्रह झाला. हिरामणानें तलवार उपसली, राजावर वार केला आणि स्वतःचाही अंत करून घेतला. लग्नघरीं सुतक आलें.

मागें राहिली राणी हिराई. तिच्या पोटीं पुत्र नव्हता. राजा दुसरें लग्न करीत असतांनाच मारला गेला होता. तेव्हां त्याच्याविषयीं तिचें मन कडवट झालें असतें, तरी कोणीं नांव ठेविलें नसतें. परंतु तिनें केलें तें निराळेंच. चंदनखेड्याच्या घराण्यांतील रामशहा यास दत्तक घेऊन, तो मोठा होईपर्यंत अठराव्या शतकाच्या आरंभीं राज्याचा भार तिनें स्वतः वाहिला. महाकालीचें देऊळ नव्यानें बांधविलें. दर चैत्रांत मराठवाड्यापासूनचे यात्रेकरू झरपटेंत स्नान करून ज्या देवळास येतात, तें हेंच. आणि पतीसाठीं तिनें ही भव्य समाधि उभारली. आग्र्यास पतीनें पत्नीसाठीं बांधलेल्या वास्तूचें कौतुक जगभर चालतें. चांद्यास पत्नीनें पतीसाठीं वास्तु बांधली आहे; संगमरवराची नव्हे, साध्या दगडाची. ती पाहण्यास येणारे थोडे, आणि हिराईचें नांव घेऊन येणारे त्याहून थोडे.

शहराच्या दक्षिणेस लालपेठ भागांत उघड्यावर प्रचंड मूर्ति आहेत, त्यांचीही कथा ऐकण्याजोगी आहे. रायप्पा नांवाच्या एका धनाढ्य कोमट्यानें येथें महादेवाचें विशाल देऊळ बांधण्याचा संकल्प केला. मूर्ति अगोदर घडविल्या, आणि देऊळ उभें राहण्यापूर्वींच तो वारला. सर्वांत मोठी मूर्ति पंचवीस फुटांच्या आसपास लांब असून ती दहा तोंडांच्या देवीची आहे. लोक मात्र दहा तोंडें पाहून तीस रावण म्हणतात. कथा विसरली कीं देवीचा रावण कसा होतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

तटाची परीक्षा व्हावयाची होती ती पुढें झाली. रघूजी भोसल्यांच्या काळीं, इ. स. १७५१ मध्यें, नीलकंठशहाचें राज्य संपून चांदा नागपूरकरांच्या ताब्यांत गेलें. त्यानंतर सदुसष्ट वर्षांनीं इंग्रज आले. दुसरे बाजीराव पेशवे पळतीवर असून आप्पासाहेब भोसल्यांच्या निमंत्रणावरून चांद्याकडे येऊं पाहत होते. पण पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्स यानें त्यांचा मोड केला आणि मग तो चांद्यावर वळला. मे १८१८ मध्यें तोफा लागल्या, तटास खिंडार पडलें, आणि २० मे रोजीं इंग्रजांची फौज आंत घुसली. किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. घोड्यांस आणि भाल्यांस अडविण्यासाठीं बांधलेला तट तोफेच्या गोळ्यांपुढें किती टिकणार? ‘एक जागा कच्ची आहे’ हे राणीचे शब्द या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहींत.

चाळीस वर्षांनीं याच तटाच्या आंत आणखी एक प्रसंग घडला. इ. स. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें होतें. १८५८ मध्यें मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं गोंड आणि इतर वनवासी तरुण जमवून इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. ते पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी देण्यांत आलें. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. हा तुरुंग म्हणजे गोंडराजांच्या जुन्या किल्ल्याची जागा. जेथें पूर्वजांचा दरबार भरे तेथेंच त्यांच्या वंशाच्या तरुणास फांस लागला. इ. स. २००९ मध्यें भारतीय डाकखात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें.

चांद्याची कथा सांगतांना शहरांतच थांबून चालत नाहीं. ज्या समाजानें हें नगर उभारलें, त्याचे बहुसंख्य लोक आज तटाच्या आंत नाहींत. तेथून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर भामरागड आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा तेथें संगम होतो. पावसाळ्यांत पूर आला कीं गांवाचा बाहेरच्या जगाशीं असलेला रस्ता कित्येक दिवस तुटतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत येथील माडियांचें जिल्ह्याचें ठिकाण चांदाच होतें. अर्ज, खटला, शिक्षा, जें कांहीं असेल तें त्या तटाच्या गांवीं. माडिया आणि राजगोंड यांच्या राहणींत पुष्कळ अंतर असलें, तरी दोघेही एकाच विशाल गोंड समाजाच्या शाखा होत, आणि माडियांची बोली ही गोंडीचीच एक बोली आहे.

भामरागडास तट नाहीं, दरवाजा नाहीं, समाधिमंदिर नाहीं. परंतु स्मारकें नाहींत असें मात्र म्हणतां येणार नाहीं. माणूस गेल्यानंतर त्याच्या नांवानें एक उभा दगड रोवण्याची चाल माडियांत आहे. पुरातत्त्ववेत्ते ज्यास महापाषाणी परंपरा म्हणतात आणि जी पुष्कळ ठिकाणीं फार पूर्वींच लोपली, ती येथें अजून जिवंत आहे. दगड जंगलांतून निवडून आणतात, आप्तेष्ट व गांवकरी मिळून तो वाहतात, पूजा व भोजन होतें, आणि गांवाबाहेर इतर दगडांच्या रांगेंत तो उभा राहतो. त्यावर अक्षर नसतें. कोणता दगड कोणाचा, हें गांवच्या माणसांना ठाऊक असतें. त्यांनीं तें मुलांना सांगितलें तर पुढच्या पिढीस ठाऊक होतें, न सांगितलें तर तो नुसता दगड होतो.

हाच न्याय चांद्याच्या परकोटास लागू आहे. त्याच्यावरही फारसें लेखन नाहीं. त्याच्या प्रत्येक दरवाजाचा, बुरुजाचा, खिडकीचा अर्थ सांगणाऱ्या कथा हेंच त्याचें दप्तर होय. त्या कथा ज्यांना ठाऊक नाहींत, त्यांच्या दृष्टीनें तट म्हणजे रस्त्यांतील अडचण, घराच्या पायासाठीं फुकट मिळणारा दगड, किंवा कचरा टाकण्याची सोयीची जागा. गेल्या शतकांत तटावर झाडें वाढलीं, बुरुज मातींत बुजले, कडेनें झोपड्या आणि घरें चिकटलीं. गरिबास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यास आसरा हवा होता, आणि ही भिंत कोणाची आहे हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें.

सुदैवानें सांगणारेही निघाले. मार्च २०१७ पासून चंद्रपूरच्या इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं रोज सकाळीं तटावर चढून झुडपें तोडण्याचा आणि बुरुज मोकळे करण्याचा क्रम धरला. सरकारी हुकूम नव्हता, मजुरी नव्हती. दोनशे दिवस हा क्रम अखंड चालल्यावर पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणांत त्याचा गौरवानें उल्लेख झाला, आणि चांद्यास एवढा मोठा परकोट आहे हें देशांतील पुष्कळांना त्या दिवशीं प्रथम कळलें. मोकळ्या झालेल्या तटावरून आतां नागरिक आणि शाळांचीं मुलें फिरतात.

झुडपें पुन्हां वाढतात. तीं पुन्हां तोडावीं लागतात. कथांचेंही तसेंच आहे. त्या एकदां छापून कपाटांत ठेविल्यानें जिवंत राहत नाहींत. चंद्रपूरच्या घराघरांतून राणीच्या शकुनाची, हिराईच्या समाधीची, लालपेठच्या देवीची आणि पंचवीस वर्षांच्या बाबूरावांची गोष्ट मुलांस सांगितली गेली पाहिजे. भामरागडच्या आश्रमशाळेंतील माडिया मुलांसही ती सांगितली गेली पाहिजे, कारण त्या तटावर त्यांचा हक्क इतरांहून कमी नाहीं. आणि नागपूर, पुणें, मुंबई येथील ज्या कुटुंबांतून आग्र्याच्या सहली निघतात, त्यांनीं एकदां ताडोब्याचा वाघ पाहून परततांना जटपुरा दरवाजापाशीं वाहन थांबवावें, खालीं उतरावें, आणि वरचा सिंह मुलांस दाखवावा.